ओली पेटी

फॉर्म कानडीत छापलेला.
भूल या शब्दाच्या जागी तिथं अरिवळिके:
अरिवु म्हणजे भान, अळि म्हणजे पुसून जाणं.
मी मराठीतून समजावते,
आणि मराठीनं एकच शब्द तीन कामांना जुंपलाय.
चुकणं भूल, मोहून जाणं भूल,
आणि टिळकवाडीतल्या या इस्पितळात
मी सकाळी आठपासून देते, तीही भूल.

लुमाण्णा काकतकर, वय त्रेसष्ट, डाव्या बाजूचा हर्निया.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं.
सही केली तेव्हा पाहिलं,
नखांच्या कडेला रेती अजून काळी आहे.
"किती वेळ निजवूलालाय बाई?"
झोप नव्हे ती, म्हणाले.
झोपेत मेंदू दिवसभराचं आवरत बसतो,
इथं आवरणाराच जागेवर नसतो.
"म्हंजे भट्टी बंद?"
भट्टी नाही. ठोके चालू, श्वास मी बघते.
कानाच्या आत, खोल,
बोटाएवढा एक वाकडा तुकडा असतो,
क्षणाची आठवण तिथं घडायला लागते.
तो थांबतो. सगळ्यांत आधी तोच.

त्याला लगेच कळलं. माझ्या विद्यार्थ्यांना आठवडा लागतो.
"रस वतला म्हंजे कास्टिंग झालं न्हवं,
निवाय पायजे. पेटी लवकर फोडली तर नुसता लोळा."
हेच. अगदी हेच.

मग सलाईनमधून पहिलं औषध सोडलं, थोडंसं,
ज्यात माणूस बोलतो, उत्तरं देतो, हसतोसुद्धा,
आणि त्यातलं काही त्याच्याकडे उरत नाही.
वर दिव्याकडे बघत म्हणाला,
"कल्लाप्पाचा डोळा गेला न्हवं,
ती पेटी वली हुती बाई. मी बघितलोच नाही.
समद्यांनी त्या नव्या पोराचं नाव घेतलं, मी गप बसलो.
भूल माजी."
सिस्टर सक्शनची नळी तपासत होती.
मी म्हणाले, दहापासून उलटं मोजा.
दहा, नऊ, आठ,
मग एळु, आरु.
पेट्या मोजायला तो कारखान्यात शिकला असणार.
ऐदुपर्यंत पोचला नाही.

एक तास दहा मिनिटं.
"कवा सुरू करूलालाय?"
झालं की, लुमाण्णा.
थोड्या वेळानं पुन्हा, "कवा सुरू करूलालाय?"
तीनदा विचारलं,
आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच.

दुपारी कडोलीची सात वर्षांची मुलगी, टॉन्सिल.
आईची एकच काळजी: पाढे विसरणार नाही ना?
नाही, पाठ झालेले कुठं जात नाहीत.
आज गेटापाशी घोकत होती ते तेराचं
पुन्हा घोकावं लागेल कदाचित.
उंदरांच्या पिल्लांवरचे प्रयोग मी वाचलेत.
ते सांगितले नाहीत.
एवढ्या छोट्या ऑपरेशनानं
मुलांचं शिकणं बिघडल्याचं दिसलेलं नाही,
हे सांगितलं, आणि तेही खरंच आहे.

संध्याकाळी राउंडला गेले तर
लुमाण्णाच्या खाटेशी काळ्या चष्म्याचा एक माणूस,
मांडीवर कुंद्याचा डबा.
दोघं कानडीत भंगाराच्या भावावर भांडत होते.
"ह्यो कल्लाप्पा," लुमाण्णा म्हणाला,
आणि मग, जे प्रत्येकजण विचारतो:
"मी काय बडबडलो नाही न्हवं?"

त्याच्या डोक्यात ते वाक्य कुठंच नाही.
लपवलेलं नाही, पुसलेलं नाही,
निवलंच नाही कधी.
मूळची गोष्ट मात्र आहे, एकवीस की बावीस वर्षं,
तशीच, कडक.
आणि ते वाक्य आता माझ्याकडे.
मला कुणी भूल दिली नव्हती.

नाही, म्हणाले. दहा आकडेसुद्धा पुरे केले नाहीत तुम्ही.

कल्लाप्पा हसला. "घ्या की वो, डॉक्टरबाई,"
आणि कुंद्याचा तुकडा
माझ्या तळहाताच्या बोटभर अलीकडेच सोडायला गेला.
एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही.

मी हात पुढे सरकवला.